कात्रजचं पाणी चढावर कसं गेलं?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्या पुरवणीत एका किशोर कादंबरीवर जवळजवळ अर्धं पान कौतुक छापून आलंय, ते वाचल्यापासून हे पत्र डोक्यात घोळतंय, परवा ऑफिसात जीएसटीचं रिटर्न भरताना सुद्धा तेच चाललं होतं, म्हटलं आता लिहूनच टाकू. पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाहीये. ज्यांनी वाचलंय त्यांना चार ओळींत कळेल, ज्यांनी नाही वाचलं त्यांचं काही अडत नाही, आणि मला त्या माणसाला चारचौघांत बोल लावायचा नाहीये. तीस वर्षं वाचतेय मी त्यांना. दुसऱ्या कुणाचं पुस्तक असतं तर चाळिसाव्या पानावर मिटून कुणाच्या तरी मुंजीत आहेर म्हणून देऊन टाकलं असतं, विषय संपला.

मी एका खासगी कंपनीत अकाउंट्स बघते, पन्नाशीला टेकलेय, समीक्षा वगैरे मला येत नाही. तुमच्या वाचकपत्रांत याआधी एकदाच लिहिलं होतं, बसस्टॉप हलवला त्याबद्दल, तेव्हा तुम्ही माझं आडनाव चुकीचं छापलं होतं. ह्यावेळी आडनावच देत नाही म्हणजे भानगड नको.

तर तीस वर्षांपूर्वी काय झालं ते आधी सांगते. टीवायला असताना एका दिवाळी अंकात ह्यांची पानशेतवरची गोष्ट वाचली. १२ जुलै १९६१, पानशेत फुटलं, मग खडकवासला गेलं, मुठेचं पाणी पेठांमध्ये घुसलं, हे पुण्यात कुणालाही तोंडपाठ असतं, त्याच्यावर ढिगानं लिहिलं गेलंय. पण ह्यांच्या गोष्टीत पूर नव्हताच, पूर ओसरल्यानंतरचे आठ दिवस होते. एक बाई नारायण पेठेतल्या आपल्या खोलीत परत येते, फडताळ उघडते, सगळा चिखल, आणि त्या चिखलात लोणच्याची बरणी रुतून बसलेली, आणि बरणीच्या तोंडाला बांधलेला दादरा, म्हणजे ते फडकं, सुद्धा सुटलेला नाही. आत लोणचं जसंच्या तसं. आणि ती बाई घर गेलं म्हणून रडत नाही, ते लोणचं खायचं की टाकायचं ह्यावर रडते. मी ती गोष्ट आजीला वाचून दाखवली. आमचं घर पूरग्रस्तांपैकीच, आजोबा त्यानंतर सहकारनगरला आले. आजी ऐकत होती, दादऱ्यापाशी आल्यावर म्हणाली, थांब, हा मुलगा कुणाचा गं, ह्याने हे कुठे बघितलं?

बास. त्या दिवसापासून मी त्यांची. मंडईतला तराजू असो, एसटीचं तिकीट पंच करायचा आवाज असो, लिफ्ट बंद पडल्यावर जिन्यात भेटणारी म्हातारी माणसं असोत, ह्या माणसाचा हिशोब कधी चुकला नाही. पै न् पै जुळायची. मी अकाउंट्सवाली आहे म्हणून म्हणत नाही, पण तपशील हाच त्यांचा देव होता आणि म्हणून आम्ही त्यांच्या पायाशी.

मग मागच्या वर्षी कळलं की ते कुमारवयीन मुलांसाठी अद्भुत कादंबरी लिहितायत, तीन भागांची सिरीज, आणि ती पण पुण्यात घडणारी, आणि ती पण कात्रजच्या पाण्यावर! मला झोप येईना. कारण ह्या विषयात जादू आधीपासूनच आहे, वेगळी आणायलाच नको. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, नानासाहेब पेशव्यांनी १७५० च्या सुमारास कात्रजला तलाव बांधून तिथून पार शनिवारवाड्यापर्यंत जमिनीखालून पाणी आणलं. पंप नाही, मोटर नाही, निव्वळ उतार. दगडविटांचा पाट, आत माणूस उतरून सफाई करू शकेल एवढा, आणि मध्ये मध्ये वर डोकावणारे उच्छ्वास, म्हणजे आत कोंडलेली हवा बाहेर पडायला आणि गाळ काढायला. हे पाणी पेठेपेठेतल्या हौदांत सोडलेलं, फडके हौद, सदाशिव पेठ हौद, ही नावं आपण बसस्टॉप म्हणून घेतो पण ते खरोखरचे हौद होते. आणि नाव बघा ना, उच्छ्वास! शहराखाली काहीतरी श्वास घेतंय आणि आपण वरून स्कूटर चालवतोय. ह्याच्यावर कादंबरी हवीच होती आणि लिहायला हाच माणूस हवा होता.

डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुस्तक महोत्सव होता तिथे रविवारी दुपारी गर्दीत घुसून, चपलेचा अंगठा तुटलेल्या अवस्थेत, दोन प्रती घेतल्या. एक मला, एक माझ्या भाचीला. साडेचारशे रुपये एक, कव्हर सुंदर आहे, ते नाकारणार नाही.

आता भाचीबद्दल. आठवीत आहे, इंग्लिश मीडियम, ड्रॅगनबिगनची पाचशे पानांची जाडजूड इंग्रजी पुस्तकं दोन दिवसांत फस्त करते आणि मराठी म्हटलं की तोंड वाकडं. आमच्यात गेल्या वर्षीपासून एक करार झालाय, तिने एक मराठी वाचलं की मी एक इंग्रजी घेऊन द्यायचं. आत्तापर्यंत ती ह्या करारात मला अगदी बारीक बारीक पुस्तकं वाचून गंडवत आली, मला कळत होतं पण मी गप्प होते. हे पहिलं ३१२ पानी मराठी पुस्तक तिने स्वतःहून हातात घेतलं, कारण कव्हरवर तळघराच्या पायऱ्या होत्या आणि मी सांगितलं की हे सगळं आपल्या घराखालून जातं. जोडाक्षराला अडली की बोट ठेवून परत वाचायची. चार दिवस. मी समोर बसून भाजी निवडत तिच्या चेहऱ्याकडेच बघत होते.

पहिली साठ पानं, मी खोटं बोलणार नाही, जुनेच ते. शनिवार पेठेतला पाडायला काढलेला वाडा, बिल्डरची माणसं टेपने मापं घेतायत, आणि चौदा वर्षांच्या मुलीला न्हाणीघराच्या फरशीखाली पाण्याचा आवाज येतो. ती खाली उतरते. आत पाटाच्या पहिल्या उच्छ्वासापाशी एक राखणदार बसलेला असतो आणि त्याचा नियम असा की खाली जायचं तर एक आठवण इथे ठेवून जायची. कुठलीही नाही, तो सांगेल ती. आणि एकदा ठेवली की ती गेली, परत मागायची नाही. तो हिच्याकडे मागतो आजीचा आवाज. आजी नाही, आजीचा चेहरा नाही, फक्त आवाज. आणि ही देते. दुसऱ्या दिवशी घरी आजीने रेकॉर्ड करून ठेवलेली क्लिप मोबाईलवर लावते तर तिला ओठ हललेले दिसतात आणि ऐकू काहीच येत नाही, शेजारी बसलेल्या आईला मात्र ऐकू येतंय आणि आई हसतेय. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला. दादरा परत आठवला. भाची त्या पानावरून उठून आत गेली आणि तिच्या आजीपाशी, म्हणजे माझ्या आईपाशी, उगाचच जाऊन बसली. काय झालं विचारलं तर काही नाही म्हणाली.

आणि मग काय झालं कुणास ठाऊक. एकसष्टाव्या पानापासून दुसराच कुणीतरी लिहायला बसला असावा असं वाटतं.

पहिली गोष्ट म्हणजे तो नियम. मुलीचा मित्र खाली उतरतो, त्याच्याकडून राखणदार काहीच मागत नाही. का, माहीत नाही. ती दोघं मिळून पुढच्या शंभर पानांत पाच वेळा वरखाली करतात (मी मोजलं, सवय आहे) आणि पाचपैकी एकदाच आठवण द्यावी लागते, ती पण मित्राला नावडत्या मास्तरांची, म्हणजे गेली तर बरंच. किंमत म्हणून काय तर अडगळ! आणि शेवटी, ज्यांना वाचायचंय त्यांनी हा परिच्छेद सोडा, शेवटी सगळ्या उच्छ्वासांतून एकदम प्रकाश बाहेर पडतो आणि सगळ्यांच्या सगळ्या आठवणी सगळ्यांना परत मिळतात. आजीचा आवाज पण. एका ओळीत. त्या मोबाईलच्या क्लिपसाठी मी जे रडले ते आता कुठल्या खात्यात टाकू? आमच्याकडे मार्च एंडला अशी एंट्री मारली तर ऑडिटर उभं करेल.

आता खरी गंमत, म्हणजे ज्याच्यामुळे हे पत्र. पान १३१. मुलं शनिवारवाड्याखालून पाटात उतरतात, शत्रू मागे, दिवा विझतो, आणि मग ती दोघं एका जुन्या परातीत बसून 'प्रवाहाबरोबर वाहत वाहत' कात्रजला पोचतात. दीड पान वर्णन आहे, पाण्याचा खळखळाट, अंधार, वेग. भाचीने त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली, समासात एक बाण काढला, आणि माझ्यासमोर पुस्तक आणून ठेवलं. आत्या, पाणी कात्रजवरून इकडे येतं ना? मग ही उलटी कशी गेली?

बरोबर आहे की नाही? कात्रज वर, शनिवारवाडा खाली, म्हणून तर पाणी आलं! सगळ्या योजनेचं मर्मच ते. प्रवाहाबरोबर कात्रजला जाणं म्हणजे पर्वतीवरून घसरत घसरत पर्वतीवर. बरं ही काय पुस्तकात शोधून काढायची माहिती नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला तेव्हा कात्रजकडून पाणी कसं खाली येतं ते आमच्या भागाने डोळ्यांनी बघितलंय. भाऊ अरण्येश्वरला राहतो, भाची तेव्हा सात वर्षांची होती, गॅलरीतून तिने पार्किंगमधल्या गाड्या एकावर एक चढताना पाहिल्यात, त्यांची अ‍ॅक्टिव्हा दुसऱ्या दिवशी खालच्या अंगाला दोन सोसायट्या सोडून भिंतीला टेकलेली सापडली. तिने मला तेच सांगितलं. म्हणाली आमची गाडी नव्हती ना गेली कात्रजला, दांडेकर पुलाच्या बाजूलाच गेली होती.

मी लेखकाची बाजू घ्यायचा प्रयत्न केला, तीस वर्षांचं मीठ खाल्लंय. म्हटलं अगं जादूचं पाणी आहे, उलटं वाहत असेल. तर ती म्हणाली मग त्या दोघांना आश्चर्य का नाही वाटलं?

मी गप्प. कारण बरोबर बोलली. पाणी चढावर गेलं तर ती जादू, आणि केवढी मोठी जादू, मी तर म्हणते पुस्तकाचा कळस तोच करता आला असता, पावणेतीनशे वर्षं खाली वाहणारं पाणी एका रात्री फिरलं आणि परत कात्रजकडे निघालं, काय दृश्य झालं असतं! पण त्यासाठी पाणी रोज कुठे जातं ते लेखकाच्या डोक्यात आधी पक्कं पाहिजे. इथे पाणी उलटं वाहतंय हे पुस्तकातल्या पोरांना माहीत नाही, राखणदाराला माहीत नाही, लिहिणाऱ्यालाही माहीत नाही. ज्या माणसाने दादऱ्याची गाठ सुटली की नाही तेवढं बघून लिहिलं त्याने उतार बघितला नाही. का बघितला नाही ह्याचंच मला जास्त लागलंय.

आणि कारण त्यांनीच सांगितलं. एका कार्यक्रमात मी मागच्या खुर्चीवर होते, तिथे ते म्हणाले की मुलांसाठी लिहिताना फार मोकळं वाटलं, तपशिलाचं ओझं नव्हतं, कल्पनेला वाव होता. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मी पण वाजवल्या. पुस्तक वाचल्यावर ते वाक्य परत आठवलं आणि आता त्या टाळ्या परत घेता आल्या तर बरं होईल असं वाटतं. म्हणजे आमच्यासाठी लिहिताना घाम गाळायचा आणि पोरांसाठी लिहायचं तर सुट्टी? ऑफिसातली मैत्रीण म्हणाली अगं लहान मुलांचं पुस्तक आहे, एवढं काय मनाला लावून घेतेस. हेच, हेच तर! पोरं आपल्यापेक्षा कडक ऑडिटर असतात. गोष्ट सांगताना मागच्या वेळी सिंहाला दोन पिल्लं होती आणि आज तीन म्हणालात तर चार वर्षांचं पोरगं सुद्धा थांबवतं.

तुमच्या परीक्षणात लिहिलंय की मराठीत असं अद्भुत लिखाण पहिल्यांदाच घडतंय. अहो, काय पहिल्यांदाच? नाथमाधवांचं वीरधवल आमच्या आजोबांच्या पिढीने वाचलंय. नारायण धारपांची पुस्तकं आम्ही लायब्ररीतून आणायचो, शेवटची दोन पानं हमखास फाटलेली, त्यांच्याकडे भूत असो नाहीतर आणखी काही अमानवी, त्याला पण कायदा असायचा, उंबरा ओलांडायचा नाही म्हणजे नाही ओलांडायचा. आणि भा. रा. भागवतांचा फाफे, म्हणजे फुरसुंगीचा फास्टर फेणे, त्यात जादू नाही, पण मी लहानपणी फुरसुंगी हे गाव पुस्तकातलंच आहे असं समजायचे, मग बाबा एकदा सासवडच्या रस्त्याने घेऊन गेले आणि पाटी दिसली तेव्हा मी गाडीत किंचाळले होते. खरं गाव, खरे रस्ते, त्यावरून सायकल मारत जाणारा पोरगा, म्हणून तर तो खरा वाटला. (आता फुरसुंगी म्हटलं की लोकांना कचरा डेपो आठवतो, तो विषय वेगळा, त्यावर पण पत्र लिहायचंय.)

आणि त्याच्याही मागे जा ना. गुणाढ्याची गोष्ट कथासरित्सागर ह्या जुन्या संस्कृत कथासंग्रहात आहे, सातवाहन राजाच्या दरबारातला हा, म्हणजे आपल्या पैठणकडचाच धरायला हरकत नाही. सात लाख श्लोकांची बृहत्कथा स्वतःच्या रक्ताने पैशाची, म्हणजे पिशाचांच्या, भाषेत लिहितो, राजा म्हणतो ही कसली भुताखेतांची भाषा, नको. मग हा डोंगरावर जातो, अग्नी पेटवतो, आणि एकेक पान जनावरांना वाचून दाखवतो आणि जाळतो. हरणं, रानडुकरं सगळी चरायचं सोडून रडत ऐकत उभी. इकडे राजा आजारी पडतो, वैद्य म्हणतात मुदपाकखान्यात मांस कोरडं येतंय, का तर जनावरांनी खाणंच सोडलंय! मला हा कोरड्या मांसाचा तपशील फार आवडतो, एवढ्या अद्भुत गोष्टीत राजाला खबर कशी लागली तर ताटातून. राजा धावत जातो तोवर सहा लाख जळून गेलेले, एक लाख उरलेले. आणि ते सहा लाख परत येत नाहीत. कुठूनही प्रकाश वगैरे बाहेर पडत नाही. गेले ते गेले, म्हणून उरलेल्या एक लाखाला किंमत. भाचीला मी ही गोष्ट सांगितली त्या रात्री, तिने विचारलं जळलेल्यात काय होतं. आता ह्याला काय उत्तर देणार, पण असा प्रश्न पडला पाहिजे ना पोराला पुस्तक मिटल्यावर! ह्या कादंबरीनंतर तिला प्रश्न पडला तो फक्त पान १३१ चा.

भाषेबद्दल थोडंच लिहिते कारण चिडचिड होते. चौदा वर्षांची पुण्यातली मुलं एकमेकांना 'चल, आपल्याला सत्याचा शोध घ्यायलाच हवा' असं म्हणत नाहीत. ती म्हणतात 'ए चल ना, काय फालतूपणा करतोयस'. पहिल्या साठ पानांत ती तशीच बोलत होती, नंतर एकदम सिरियलमधली झाली. मुलगी आधी साधी मुलगी होती, मग कळतं की भविष्यवाणीत सांगितलेली ती हीच, आणि सगळ्या सृष्टीचं भवितव्य हिच्या हाती. अरे, वाडा पाडायला निघालाय तेवढं पुरे होतं की! बिल्डर तर मध्येच गायब झाला, शेवटपर्यंत आलाच नाही. आणि एक वाक्य आहे, की तिने श्वास सोडला, जो आपण रोखून धरलाय हे तिला ठाऊकच नव्हतं. तीनदा आहे. मला ते नुसतं विचित्र वाटलं, भाची मात्र खो खो हसली, म्हणाली आत्या हे आमच्या प्रत्येक इंग्लिश बुकमध्ये असतं, ह्यांनी पण ती वाचलीत! म्हणजे बघा, जी मुलगी इंग्रजीतलं सोडून मराठीकडे पहिल्यांदा आली तिला आम्ही इंग्रजीतलंच उष्टं वाढलं, ते पण गार झालेलं. उच्छ्वासावरच्या कादंबरीत श्वासाचं एकच वाक्य आणि ते पण उसनं.

संपादकांचं म्हणजे प्रकाशनाकडच्या संपादकांचं काय चाललं होतं हा मला पडलेला आणखी एक प्रश्न. हस्तलिखित कुणीतरी वाचलं असेल ना? पुण्यात बसून वाचलं असेल ना? की एवढ्या मोठ्या माणसाला कोण सांगणार, अशी गोष्ट? मला वाटतं तसंच झालं असणार. नव्या मुलाचं पुस्तक असतं तर लाल पेनाने भरलं असतं. आणि तुमचे परीक्षण लिहिणारे, त्यांच्यावर राग नाही, पण 'मुलांना नक्कीच आवडेल' हे वाक्य लिहायच्या आधी एखाद्या मुलाला विचारायचं होतं, घरात नसेल तर सोसायटीत असतं. एक वाटी चिवडा दिला की पोरं खरं बोलतात.

भाचीच्या प्रतीत पेन्सिलच्या अकरा खुणा आहेत. सगळ्या मी तपासल्या, दोन तिच्या चुकीच्या आहेत (एक शब्द तिला माहीत नव्हता, आणि पेशवे म्हणजे एकच माणूस नाही हे तिला सांगितलं), नऊ बरोबर आहेत. तिने स्वतः एका वहीच्या कागदावर पानक्रमांकासहित लिहून काढल्यात, मराठीत, ऱ्हस्वदीर्घाच्या चुका आहेत पण मी सुधारल्या नाहीत. लेखकांना प्रकाशनाच्या पत्त्यावर पोस्टाने पाठवल्यात, महिना झाला, उत्तर नाही, येईल. शेवटी तिने लिहिलंय की दुसरा भाग छापायच्या आधी मला वाचायला दिलात तर मी फुकट बघून देईन.

मागच्या रविवारी ती म्हणाली मला खरा उच्छ्वास बघायचाय. कात्रजहून खाली स्वारगेटकडे येणाऱ्या सातारा रोडच्या बाजूने कुठेकुठे अजून आहेत ते, गर्दीत लक्षात येत नाहीत. मी तिला घेऊन गेले. दगडी बुटकं बांधकाम, वरच्या फटीतून पिंपळाचं रोप आलेलं, बाजूला कुणीतरी नारळाच्या करवंट्या टाकलेल्या, आणि पलीकडे टायर पंक्चरचं दुकान. हिने आजूबाजूला कोण बघतंय वगैरे काही न बघता सरळ दगडाला कान लावला. दहा मिनिटं हलेना. मी छत्री धरून उभी. ट्रॅफिकच्या आवाजात काय ऐकू येणार, पण मी काही बोलले नाही.

पंक्चरवाले काका शेवटी उठून आले, हात पुसत, काय हरवलंय का म्हणाले. भाची म्हणाली, काका, ह्याच्या आतलं पाणी कुठल्या बाजूला जातं? त्यांनी विचार सुद्धा केला नाही, हातातला पाना स्वारगेटच्या दिशेला केला आणि परत टायरपाशी जाऊन बसले.

आपली,
एक वाचक, सहकारनगर, पुणे ९

ता. क. पत्र फार लांबलंय हे मला कळतंय. कापायचं असेल तर फुरसुंगीचं कापा, नाथमाधवांचं कापा, माझ्या चपलेचं कापलंत तरी चालेल. पान १३१ चं कापू नका, भाचीला सांगितलंय छापून येईल म्हणून.